स्टेरॉलची बाटली की इसबगोल?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो. तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ३.८ आलं (भारतातल्या मापात सुमारे १४७), डॉक्टर म्हणाले आधी खाणं सुधारा. आता सुपरमार्केटच्या फ्रिजमधली बेनेकॉलची, म्हणजे वनस्पती स्टॅनॉल घातलेल्या दह्याच्या पेयाची, छोटी बाटली घ्यायची, की घरातला इसबगोलाचा डबा उघडायचा?

बाटली खरोखर काम करते. वनस्पती स्टेरॉल आणि स्टॅनॉल हे रचनेने कोलेस्टेरॉलचे भाऊबंद. आतड्यात ते त्याची जागा अडवतात, म्हणून बरंचसं कोलेस्टेरॉल रक्तात न शिरता शौचावाटे निघून जातं. १९९५ साली फिनलंडमधला स्टॅनॉलयुक्त मार्जरीनचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एलडीएल सुमारे १४ टक्के उतरलं होतं. साधारणपणे रोज २ ग्रॅमने ७ ते १० टक्के धरा, तेही दोन-तीन आठवड्यांत. मात्र रोज आणि जेवणासोबतच घ्यायला हवं. उपाशीपोटी उपयोग बराच कमी. नुसत्या घरच्या खाण्यातून २ ग्रॅम मिळवायचे तर पाव किलोहून जास्त तीळ लागतील, आणि तेवढे संक्रांतीतही पोटात जात नाहीत.

इसबगोल वेगळ्या वाटेने जातो. तो पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, एलडीएल साधारण ७ टक्के उतरवतो. शिवाय बद्धकोष्ठता कमी होते, जेवणानंतरची साखर थोडी आवरते, आणि खर्चही फारसा नाही. सुरुवातीला पोट फुगतं. भरपूर पाणी हवंच, आणि थायरॉइडसारख्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

आकडा उतरणं आणि हार्ट ॲटॅक टळणं यांत फरक आहे. स्टेरॉलयुक्त पदार्थांनी ॲटॅक कमी होतात असं दाखवणारी चाचणी झालेली नाही. म्हणूनच कोणते उपचार करावेत हे सांगणारी ब्रिटनची नाइस संस्था हृदयविकार टाळण्यासाठी ते घ्या असं सांगत नाही. इसबगोलाकडेही तसा पुरावा नाही. स्टॅटिनकडे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीकडे, तो आहे, आणि त्याने एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं. मधुमेह असेल, आधी ॲटॅक येऊन गेला असेल किंवा घराण्यात तरुणपणीच हृदयविकार असेल, तर बाटली-डब्यात वेळ घालवू नका, गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

बाकीच्यांनी माझ्या मते इसबगोलापासून सुरुवात करावी. तो सोसत नसेल, किंवा स्टॅटिन घेऊनही थोडं कमी पडत असेल, तर बाटली. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर साधारण ६ टक्केच भर पडते, स्टेरॉलने त्याहून थोडी जास्त. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि ५ वर्षांखालची मुलं यांना स्टेरॉलयुक्त पदार्थ देऊ नयेत. रोज ३ ग्रॅम स्टेरॉलच्या वर जाऊन फायदा नाही.

आणि एका वेळी एकच सुरू करा. दोन्ही एकदम घेतलीत, तर तीन महिन्यांनी रिपोर्ट हातात आल्यावर कशाने उतरलं ते कळणार नाही.