टोकियोत सासूबाईंना मिळालेला पिझ्झा

नाशिकहून जपानला निघालेल्या शाकाहारी मंडळींनी हा पत्ता लिहूनच ठेवा: टोकियोच्या नाकामेगुरो भागातलं 'सेइरिनकान'. पिझ्झे दोनच, मार्गेरीटा आणि मारिनारा. जपानी रश्श्यात बहुधा माशाचा अर्क असतोच, त्यामुळे सासूबाई वैतागल्या होत्या. इथे मारिनाराचा शेवटचा तुकडाही त्यांनी कुणाला दिला नाही! त्यात चीजच नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, झालं. कडक शाकाहारी असाल तर हाच घ्या, कारण चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध फाडायला वापरतात ते रेनेट असू शकतं.

इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीत तापलेल्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजतात. म्हणून कडा फुगतात, काळे डाग पडतात, मधला भाग ओलसर राहतो. सासरे "करपलाय" म्हणाले, पण ती चवच आहे. कड तर नुसती खावी, खरपूस भाकरीच्या पापुद्र्यासारखी.

मला मार्गेरीटापेक्षा मारिनारा सरस वाटला. लसणाचा वास आधी पोचतो, टोमॅटोचा आंबटपणा नंतर. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या जाडजूड, चीज ओघळणाऱ्या पिझ्झ्याची सवय असेल तर अर्ध्यावर भागणार नाही. माणशी एक मागवा आणि गरम असतानाच संपवा.