लँडिंग लाइटची पोकळी काळी की पांढरी? १० महिने, ८५ तासांनंतर

डाव्या पंखावरच्या लँडिंग लाइटची काच गेल्या आठवड्यात तडकली, आणि कशामुळे तडकली ते शोधत गेलो तर गाडी थेट आत मारलेल्या रंगापाशी येऊन थांबली, म्हणून हे लिहितोय. विमान आरव्ही-७, म्हणजे किटमधून स्वतः बांधायचं छोटं विमान, दोन्ही पंखांत लीडिंग एज (पंखाची पुढची कड) कापून बसवलेले एलईडी, विग-वॅगसकट, म्हणजे दोन्ही लाइट आळीपाळीने लुकलुकतात. उड्डाणाच्या ८५ तासांतले रात्रीचे ११. लाइट बसवायचा कसा ते तुम्हाला माहितीच आहे, मी फक्त त्या पोकळीच्या आतल्या फिनिशबद्दल बोलणार. हो, तेवढ्याशाच जागेबद्दल. बायको म्हणते इंजिनाबद्दलसुद्धा इतकं बोलला नव्हतास.

सुरुवातीला पांढरा मारला. शास्त्र वगैरे काही नाही, पंखाचा उरलेला रंग होता आणि फेकवत नव्हता. शिवाय वाटलं पांढऱ्यावरून उजेड उसळून पुढे जाईल, फुकटात जास्त लाइट मिळेल. साफ चूक. बीम कुठे पडणार ते लाइटच्या आतलं ऑप्टिक (भिंग किंवा आरसा) ठरवतं, भिंतींवर सांडलेला उजेड पांढऱ्या रंगावरून नुसता चहूकडे विखुरतो, रनवेपर्यंत त्यातलं कामाचं काही पोचत नाही. पोचतं ते आपल्या डोळ्यात. लो-विंगला, म्हणजे पंख खाली असलेल्या विमानात, सीटवरून काचेची वरची कड दिसते, ती अख्खी कंदिलासारखी पेटते, आणि विग-वॅग चालू असेल तर डोळ्याच्या कोपऱ्यात डावा-उजवा डावा-उजवा चालूच. अंधाराला नीट सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, आणि इथे मी स्वतःच पदरचा रंग लावून तो वाया घालवत होतो. पहिल्या रात्री फायनलवर, म्हणजे उतरण्याआधी रनवेच्या रेषेत आल्यावर, चिडून विग-वॅग बंद केला.

मग मॅट ब्लॅक. तोही उरलेलाच, एक्झॉस्टच्या कामाचा हाय-टेंपरेचर स्प्रे. म्हटलं लाइट गरम होतो, हाच योग्य. डबा डाव्या बाजूतच संपला, नवीन आणायचा कंटाळा, म्हणून उजवी बाजू पांढरीच राहिली. या आळसाचा मात्र फायदा झाला, एकाच विमानावर दोन्ही फिनिश शेजारी शेजारी बघायला मिळाले.

फरक सांगतो. डावीकडचा कंदील गेला, अगदी गेलाच, फक्त लाइटचा स्वतःचा ठिपका तेवढा दिसतो. रनवेवर दोन्ही बीम सारखेच. शेजारच्या हँगरमधल्या मित्राला समोर लांब उभं करून विचारलं कुठला जास्त उजळ, त्याला सांगता आलं नाही. इथपर्यंत माझं मत पक्कं होतं, काळाच, विषय संपला. पण तोच मित्र टॅक्सी करताना बाजूला उभा होता, तो म्हणाला उजवा जास्त लवकर नजरेत येतो. बरोबरच आहे, पांढऱ्यामुळे अख्खी काच उजळते, त्यामुळे तिरक्या कोनातूनसुद्धा दिसते. म्हणजे पांढरा अगदीच टाकाऊ नाही. मला हे मान्य करायला दोन आठवडे लागले.

उष्णतेचं पण सांगतो, कारण काळा रंग एलईडीची उष्णता चांगली बाहेर टाकतो असं मीच चार जणांना सांगत फिरलोय. चमकत्या उघड्या ॲल्युमिनियमपेक्षा खरंच चांगली टाकतो. पण त्या उष्णतेपुरता पांढरा रंगही जवळपास तेवढीच टाकतो, वर उन्हात उभं केल्यावर काळ्यापेक्षा कमी तापतो. म्हणजे काळा घ्यायचा तर डोळ्यांसाठी घ्या, थंडाव्याच्या नावाखाली नको.

आता खरं दुखणं. चौथ्या महिन्यात डावी काच आतून धुरकट व्हायला लागली. आधी वाटलं दमट हवा. पुसली, परत आली. मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: हा रंग पूर्ण वाळायला टप्प्याटप्प्यानं तापवावा लागतो, २०० अंशांच्या वर. एलईडी त्याच्या जवळपास पण जात नाही, आणि पंख कुणी तापवू नका बरं का, पंखाच्या २०२४-टी३ ॲल्युमिनियमच्या टेंपरची (उष्णता देऊन आणलेल्या मजबुतीची) वाट लागेल. म्हणजे तो रंग आत कधी पुरता पिकलाच नाही, विमान उन्हात राहिलं की त्यातनं वाफ निघायची आणि काचेवर बसायची. गाड्यांच्या हेडलाइटमध्ये रंगकाम करणाऱ्यांना हे पाठ असतं. मला नव्हतं.

आणि मी ती वाफ पुसत होतो कशाने, तर घरातल्या खिडकीच्या काचेच्या स्प्रेने, अमोनियावाल्या. आपली ही काच म्हणजे ॲक्रिलिक. तीन वेळा पुसल्यावर स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या रेषा, आणि गेल्या आठवड्यात त्यातली एक थेट कडेपर्यंत. भोकंही मी घट्ट ठेवली होती. ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं, ३० सेंटीमीटरच्या काचेला ४० अंशांच्या फरकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, तो जाणार कुठे? विकणाऱ्याशी वॉरंटीवरून भांडायला अगदी तयारीत फोन केला, त्याने शांतपणे विचारलं कशाने पुसली, मी बावळटासारखं खरं सांगितलं, तिथेच भांडण संपलं.

आता डावीकडे सगळा रंग काढला, सॅंडपेपर न लावता, कारण अल्क्लॅडचा (शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेल्या पत्र्याचा) तो वरचा थर गेला तर गंजाला आमंत्रण. एपॉक्सी प्रायमर, वर दोन भाग मिसळून मारायचा मॅट ब्लॅक, आणि दोन आठवडे उघडं ठेवून मगच नवी काच, मोठ्या भोकांची, स्क्रू हाताने बसतील तेवढेच आणि वर किंचित. पुसायला साधं पाणी आणि सौम्य साबण.

उजवीकडे मात्र सगळा पांढरा काढायचा जीवावर आलं. नीट बसून बघितलं तर सीटवरून पोकळीचा सगळा भाग दिसतच नाही, दिसते फक्त पंखाच्या टोकाकडची रिब (पोकळीची आडवी भिंत), कारण आपण आतून बाहेर बघतो. तेवढ्या एका रिबवर मॅट काळी चिकटपट्टी लावली, बाकी पांढरं तसंच. चमक बरीचशी गेली, बाजूने काच अजूनही उजळते. म्हणजे १० महिन्यांचा हा सगळा खटाटोप वीतभर चिकटपट्टीत झाला असता. पुढच्या वार्षिक तपासणीला काच उघडायचीच आहे, तेव्हा तिथे रंग मारेन. तोवर पट्टीचं एक टोक सुटायला लागलंय आणि ते मला सीटवरून दिसतं.