ब्रेल डिस्प्ले घ्यायचाय: २० सेल, ४० सेल की डॉट पॅड?

ब्रेल डिस्प्ले म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर उठणाऱ्या ठिपक्यांनी बोटाखाली आणणारं यंत्र, आणि सेल म्हणजे त्यातली ब्रेलच्या एका खुणेची जागा. फोन-कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर सगळं बोलून वाचून दाखवतो मग ब्रेल डिस्प्ले कशाला, असं घरचे हमखास विचारतात. बातमी ऐकून कळते हो, पण ऱ्हस्व-दीर्घ, स्पेलिंग, खाते नंबर हे बोटाखाली आलं की खात्री होते.

२० सेलचा ऑर्बिट रीडर २०, ४० सेलचा फोकस ४० आणि डॉट पॅड, या तिघांत ऑर्बिट सगळ्यात स्वस्त. मेमरी कार्डात पुस्तकं टाकली की फोन-कॉम्प्युटर नसतानाही वाचता येतात, त्यामुळे शाळा-कॉलेजातल्या मुलांना मी हाच सांगेन. पण नेट वापरायला २० सेल कमी पडतात, त्यात मराठीला जागा जास्त लागते, काना-मात्रांना स्वतंत्र सेल, जोडाक्षरात हलन्ताचा आणखी एक, 'महाराष्ट्र' एवढ्या एका शब्दाला १० सेल म्हणजे अर्धी ओळ गेलीच. ठिपके बदलायलाही जरा वेळ लागतो आणि आवाज होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला कर्सर राउटिंगची, म्हणजे कर्सर थेट हव्या त्या सेलवर नेणारी, बटणं नाहीत. फोकस ४० ला प्रत्येक सेलचं स्वतःचं बटण आहे, लिंक बोटाखाली आली की तिच्यावरचं बटण दाबायचं, उघडली. परीक्षेचा फॉर्म भरताना नावात एक अक्षर चुकलं तर थेट त्या अक्षरावर कर्सर नेता येतो, ऑर्बिटवर तेच काम कमांड देत देत सरकत करावं लागतं. रोज ऑफिसचं काम नेटवर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, थांबा, पैसे जमवा, पण ४० सेलचाच घ्या. किमतीत फरक खूप आहे हे मान्य, अनुदान किंवा ऑफिसकडून मिळत असेल तर आधी तिकडे अर्ज करा.

डॉट पॅड कोरियाचा, २४०० पिनांचा, त्यावर नकाशा नाहीतर आलेख उठून येतो, खाली मजकुरासाठी २० सेलची ओळ. भूमिती शिकणाऱ्या मुलाला त्रिकोण बोटांनी कळणं फार मोठी गोष्ट आहे! पण वेबसाइटवरचे फोटो त्यावर नीट कळत नाहीत, साध्या रेघांचं चित्रच लागतं. शाळेने जरूर घ्यावा, एकट्याने नेटसाठी नको.

बजेटच नसेल तर अँड्रॉइडच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरमधला ब्रेल कीबोर्ड फुकट आहे, पण तो फक्त टाइप करायला, वाचायला नाही.

विंडोज कॉम्प्युटरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही फुकटच आहे. घ्यायच्या आधी त्यात मराठीचं ब्रेल टेबल (मजकूर ब्रेलमध्ये कसा बदलायचा ते ठरवणारं सेटिंग) लावा आणि एकच फॉर्म ऑर्बिट आणि फोकस दोन्हींवर स्वतः भरून बघा, विकणाऱ्याला डेमो देऊ देऊ नका.