जुन्या पद्मिनीचा गंज आणि चौदाशे रुपयांचे वर्कशॉप मॅन्युअल

वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेली नऊ वर्षे विजापूर रस्त्यावरच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीनंतर ती पुन्हा चालती करण्याचे ठरवले, तेव्हा इंजिनाची फारशी चिंता नव्हती, कारण १०८९ सीसीचे ते इंजिन डोळे मिटून उघडणारे मेकॅनिक सोलापुरात अजून आहेत. चिंता होती ती गंजलेल्या बॉडीची. म्हणून जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून, एका खासगी प्रकाशकाने याच गाडीसाठी काढलेले इंग्रजी वर्कशॉप मॅन्युअल टपालखर्चासह १,४०० रुपयांना मागवले. पाच महिने ते हाताशी ठेवून काम केले आहे. हे परीक्षण गंजाच्या कामापुरतेच आहे.

तीनशे पानांपैकी बॉडीच्या वाट्याला जेमतेम बावीस पाने आली आहेत आणि त्यांतलीही निम्मी दारांची कुलपे, काचा आणि रबरी पट्ट्या यांत खर्ची पडली आहेत. उरलेल्या पानांत मात्र तपासणीचा भाग उत्तम आहे. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे, जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे असे समजावे, आणि मग खालच्या बाजूने स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे, अशी साधी पद्धत त्यात दिली आहे. त्याप्रमाणे मी डाव्या मागच्या दाराखाली चुंबक फिरवले, तर वीतभर जागेत ते कुठेच चिकटेना. रंग खरवडल्यावर बोटाच्या पेराएवढा पुट्टीचा थर निघाला, त्याच्यामागे डांबर आणि डांबराला चिकटलेला वर्तमानपत्राचा बोळा. मूळ पत्रा असा उरलाच नव्हता. गाडीची पहिली काही वर्षे मुंबईच्या खाऱ्या हवेत गेली होती. शिवाय दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके कोणीतरी रंगकामात बुजवून टाकली होती. गंज अशा जागी आतून बाहेर येतो, त्यामुळे वर फोड दिसेपर्यंत आतले काम आटोपलेले असते, हे मॅन्युअलातले वाक्य मला त्या दिवशी पटले.

पुस्तकाची किंमत वसूल होते ती दोन परिच्छेदांत. या गाडीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे दाराखालची पोकळ पट्टी, जिला पुस्तकात सिल आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, ती केवळ शोभेची नसून गाडीचा भार पेलते. ती कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल तात्पुरता झाळून घ्यावा, गाडी मधोमध जॅकवर न तोलता चाकांजवळच्या भक्कम जागी टेकवावी, एका वेळी एकच बाजू कापावी आणि शेवटचे वेल्डिंग करण्याआधी दार लावून फटी पाहाव्यात, असा क्रम दिला आहे. हा क्रम मी आमच्या डेंटिंगच्या मिस्त्रींना वाचून दाखवला. ते अक्कलकोट रस्त्यावर काम करतात, घरी तेलुगू बोलतात आणि पुस्तकांना फारसा मान देत नाहीत. "साहेब, दार आधी, झाळ नंतर, हे आमच्या वडिलांनी शिकवलंय," एवढे बोलून ते कामाला लागले. अँगलचा सल्ला मात्र त्यांनी मुकाट्याने मानला.

नव्या पत्र्याच्या बाबतीत मॅन्युअल सोलापुरात निरुपयोगी ठरते. "योग्य तो दुरुस्ती-पॅनेल बसवावा" असे लिहून लेखक मोकळा होतो. १९६४ पासून फियाट ११०० म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे झाली, तेव्हा तयार पॅनेल मिळणार कुठून? (ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचेच, पण त्या नात्यावर सुटे भाग मिळत नाहीत.) शेवटी मिस्त्रींनी २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला) पत्रा आणून उजव्या बाजूच्या शाबूत तुकड्यावरून पुठ्ठ्याचा उलटा साचा काढला आणि हातोडीने ठोकून पट्टी घडवली. सलग झाळ दिल्यास पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर टाके द्यावेत, ही सूचना पुस्तकात आहे आणि ती योग्यच आहे.

रसायनांचे प्रकरण थंड देशासाठी लिहिल्यासारखे वाटते. फॉस्फरिक आम्लाचे द्रावण गंजाचे लोहफॉस्फेटात रूपांतर करते, पण सुटे पापुद्रे आधी तारेच्या ब्रशने काढावे लागतात, इथपर्यंतचे विवेचन नेमके आहे. पुट्टीत ती घट्ट करणारा हार्डनर किती घालावा याचे प्रमाण मात्र वीस अंश तापमान गृहीत धरून दिले आहे. एप्रिलच्या दुपारी चाळिशी ओलांडलेल्या उन्हात त्या प्रमाणाने कालवलेला पहिला गोळा पत्र्याला लागण्यापूर्वीच फळीवर दगड झाला. तेव्हापासून पुट्टीचे काम सकाळी आठच्या आत उरकले. पोकळ भागांत आतून मेण फवारण्याचा सल्ला मोलाचा आहे. ते मेण मला पुण्याहून मागवावे लागले.

विक्रेत्याविषयी थोडी तक्रार आहे. "सर्व पाने पूर्ण" असे सांगून पाठवलेल्या प्रतीत नेमके बॉडीची मापे आणि कर्ण दाखवणाऱ्या आकृतीचे पान फाडलेले निघाले. जुने पुस्तक परत घेत नाही, असे पहिले उत्तर आले. दोनदा फोन केल्यावर दुसऱ्या प्रतीतल्या त्या पानाचे छायाचित्र मोबाइलवर मिळाले. छायाचित्र तिरपे होते, तरी आकडे वाचता आले आणि डाव्या दाराची फट सरळ बसली. पैसे परत मिळाले नाहीत.

ज्यांच्याकडे हाताने पत्रा घडवणारा कारागीर आहे, त्यांनी हे मॅन्युअल जरूर घ्यावे. केवळ पुस्तक वाचून घरी गंज काढू पाहणाऱ्यांनी घेऊ नये. उजवी बाजू अजून कापायची आहे आणि पुस्तक सध्या मिस्त्रींच्या फळीवर, रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाच्या डब्याशेजारी पडलेले असते.