आठ महिन्यांच्या वापरानंतर : सगळे आर्केड खेळ एका जॉयस्टिकवर बसत नाहीत

गेल्या नोव्हेंबरमध्ये इंदिरानगरच्या घरी मी प्लायवूडचे दोन फूट रुंद कंट्रोल पॅनेल तयार केले आणि मेम या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल संगणकावर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, जुने आर्केड खेळ खेळू लागलो. एक चांगली जॉयस्टिक आणि आठ बटणे एवढ्यावर भागेल, अशी तेव्हा समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात पॅक-मॅनने मोडली.

1980 सालच्या या खेळाची मूळ दांडी चारच दिशांना हलणारी होती. आठ दिशांची स्टिक घाईत किंचित तिरकी गेली तरी दोन स्विच एकदम दाबले जातात आणि गल्लीच्या तोंडाशी नेमके वळण हुकते. चार दिशांच्या खेळात मेम अशा दोनांपैकी एक दिशा स्वतःहून गाळते खरे, पण हाताला त्याचा पत्ता लागत नाही. अखेर स्टिकच्या तळाची चौकोनी गेट, म्हणजे दांडीची हालचाल मर्यादेत ठेवणारी चौकट, काढून 45 अंशांत फिरवून बसवली, म्हणजे तिचे कोपरे वर-खाली आणि डावी-उजवीकडे आले, तेव्हा कुठे खेळ ताब्यात आला. एक पैसाही न लागलेली ही दुरुस्ती मला सर्वांत मोलाची वाटते. 1982 च्या क्यू-बर्टमध्ये तर दांडीच तिरकी बसवलेली असे. त्यासाठी मी स्टिक प्लायच्या गोल चकतीवर घेतली असून दोन विंगनट सैल केले की ती चकतीसकट वळते.

खरा वेळ गेला तो टेम्पेस्टवर. 1981 सालच्या अटारीच्या या खेळात दांडी नाहीच, गरगर फिरणारी नॉब आहे. एका फेऱ्याला 600 पल्स देणारा ऑप्टिकल एन्कोडर, म्हणजे नॉब किती फिरली ते मोजणारा भाग, मी प्रो मायक्रो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडला. संगणकाला तो माउस वाटतो आणि मेममध्ये माउस चालू करून संवेदनशीलता कमी केली की काम होते. पहिल्यांदा नॉब उलटी चालली, तेव्हा एन्कोडरच्या ए आणि बी या दोन तारांची अदलाबदल पुरली. मात्र थ्रीडी प्रिंट केलेली नॉब इतकी हलकी होती की झटका दिल्यावर अर्ध्या फेऱ्यातच थांबे. सातपूरच्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची भरीव नॉब करून घेतली आणि दोन 608 बेअरिंगांवर बसवली. आता बोटाने फटकारली की ती आपल्या वजनाने फिरत राहते. (लेथवाल्याने तीनदा विचारले, हे नेमके कोणत्या मशीनला लागते.) अर्कनॉइड हा खेळही याच नॉबवर उत्तम चालतो.

इकारी वॉरियर्सने मात्र अजून समाधान दिलेले नाही. 1986 च्या या खेळात दांडी चालण्यासाठी हलवायची आणि तिचाच माथा बारा टप्प्यांत फिरवून बंदुकीची दिशा धरायची, असा प्रकार आहे. मी चालणे डाव्या हाताच्या स्टिकवर आणि वळणे उजव्या हाताच्या नॉबवर दिले, तर गोळी झाडायला हातच उरला नाही. म्हणून टेबलाखाली पायाने दाबायचा स्विच बसवला; घरच्यांनी त्या दिवसापासून या पॅनेलला पायपेटी म्हणायला सुरुवात केली आहे. खेळता येते, पण एका मुठीत दोन्ही कामे होण्याची मूळ गंमत त्यात नाही.

रोबोट्रॉन या खेळाला दोन दांड्या लागतात. त्यासाठी मी पॅनेल वापरतच नाही, साध्या गेमपॅडच्या दोन स्टिक पुरतात.

तक्रार एकच. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त यूएसबी एन्कोडर बोर्डाची (स्टिक आणि बटणे संगणकाला जोडणाऱ्या) सॉकेटे जूनच्या पहिल्या पावसात दगा देऊ लागली आणि खेळता खेळता डावी दिशा गायब होई. विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिल्यावर मी तारा थेट बोर्डाला सोल्डर केल्या, त्यानंतर आजवर एकही दिशा सुटलेली नाही.