जुने पार्ट दुकानात सोडून येऊ नका

बाबांनी १९८३ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एक अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधला होता. रोज सकाळी आकाशवाणी त्यावरच लागायची. गेल्या वर्षी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, गाणं थांबलं तरी तो चालूच. मी सेट एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. तो म्हणाला, "फिल्टर कपॅसिटर गेलाय, आणि आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टरही गेलेत." फिल्टर कपॅसिटर म्हणजे सेटला मिळणारी वीज एकसारखी ठेवणारी डबी, आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारे भाग. २,४०० रुपये घेतले. बिल दिलं नाही, मीही मागितलं नाही.

दीड महिन्यात सेट बंद पडला. बाबांनी झाकण उघडलं आणि गप्पच बसले.

नवा कपॅसिटर फुगून तळाशी ओला झाला होता. वर छापलं होतं ४७०० मायक्रोफॅरड (वीज साठवण्याची क्षमता), ६३ व्होल्ट (सोसण्याची मर्यादा). हाताला मात्र अगदी हलका. आम्ही डबी कापली, तर आत दुसरा छोटा कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा! आमच्या सेटमध्ये त्याच्यावर ४२ व्होल्ट येतात. तो टिकणार कसा?

पण बाबांना खरं दुःख झालं ते ट्रान्झिस्टरचं. धातूच्या टोपीचे टू-एन-३०५५, जोडी जुळवून निवडलेले. ओळखू यावेत म्हणून त्यांनी त्यावर आईच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. आता बसवलेल्यांवर ठिपके नव्हते. एकाची टोपी कानशीने घासून काढली, तर आतली सिलिकॉनची चकती इतकी बारीक, की ११५ वॅटचा पार्ट म्हणायला जीभ रेटत नाही.

घरघर होती ती कपॅसिटरची. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये द्रावणात भिजवलेला कागद असतो. तो वर्षानुवर्षं सुकत जातो, उष्णतेत लवकर. साधारण १० अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. चाळीस वर्षांनी तो जाणारच होता. ट्रान्झिस्टरमध्ये सुकण्यासारखं काही नाही. जास्त तापला नाही, शॉर्ट झाला नाही, तर तो माणसापेक्षा जास्त टिकतो. आणि गेलाच असता, तर सेट नुसता घरघरत गात राहिला नसता. हे मला तेव्हा कळलं असतं तर "ट्रान्झिस्टर गेलेत" हे ऐकून मी तिथेच थांबलो असतो. त्या माणसाने टिकणारी वस्तू काढून घेतली आणि न टिकणारी बसवली.

म्हणून कळकळीने सांगतो, सेट देण्याआधी झाकण उघडून फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा. नवा कपॅसिटर बसवण्यापूर्वी मीटरवर मोजून दाखवायला सांगा. बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या. जुने पार्ट द्यायला जो कुरकुर करेल, त्याच्याकडे सेट ठेवूच नका.

मी परत गेलो तेव्हा "भंगारात टाकले" एवढंच उत्तर मिळालं. लाल ठिपक्यांची ती जोडी कुठेतरी विकली गेली असणार. अजून चालतही असेल.