वाढत्या शहराच्या वेशीवर ‘मार्क्सॅन’: एका वापरकर्त्याचे परीक्षण

शहर पसरत असताना त्याच्या भोवतालची कोणती जमीन वन्यजीवांसाठी राखायची, हे ठरवण्याच्या कामात मी काही वर्षे ‘मार्क्सॅन’ हे सॉफ्टवेअर वापरत आहे. इयान बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी घडवलेले हे साधन विनामूल्य मिळते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळ क्षेत्राच्या सागरी उद्यानातील विभागांची फेरआखणी करताना निर्णयाला आधार म्हणून त्याचा उपयोग झाला. ती आखणी २००४ मध्ये लागू झाली आणि मासेमारीला पूर्ण मज्जाव असलेले क्षेत्र ५ टक्क्यांच्या आतून सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. शहरालगतच्या जमिनीवर मात्र या साधनाची कसोटी वेगळ्या तऱ्हेने लागते.

त्याची रीत अशी आहे. संपूर्ण प्रदेशाचे लहान तुकडे पाडायचे, बहुधा षट्कोनी. प्रत्येक तुकड्यात कोणती प्रजाती किंवा कोणता अधिवास किती आहे आणि तो तुकडा राखण्याची किंमत काय, हे नोंदवायचे. मग प्रत्येक प्रजातीचे किमान उद्दिष्ट, म्हणजे तिचा निदान किती भाग राखला जावा, हे ठरवून द्यायचे. ती सर्व उद्दिष्टे कमीत कमी किमतीत पुरी करणारा संच सॉफ्टवेअर शोधते. केवळ २०० तुकडे असले तरी संभाव्य निवडींची संख्या ६१ अंकी होते, त्यामुळे एकेक निवड तपासणे अशक्य असते. म्हणून तापवलेला धातू सावकाश निवू द्यावा, तशी पद्धत येथे वापरली आहे: सुरुवातीला वाईट बदलही स्वीकारले जातात आणि हळूहळू निवड कडक होत जाते. यामुळे दर वेळी उत्तर थोडे वेगळे येऊ शकते, म्हणून प्रणाली अनेकदा चालवतात.

माझ्या मते या साधनाचे खरे मोल पूरकतेच्या, म्हणजे निवडलेल्या जागांनी एकमेकींची उणीव भरून काढावी या विचारात आहे. सर्वाधिक प्रजाती असलेल्या जागांची यादी करून वरच्या दहा जागा राखल्या, तर त्या दहाही ठिकाणी तेच पक्षी आणि तीच झाडे असू शकतात. आणि जिथे एकच दुर्मीळ सरडा तग धरून आहे, असा उजाड दिसणारा माळ यादीच्या तळाशी राहून बिल्डरच्या हाती जातो. आमच्या एका आराखड्यात पाणथळ जागेच्या काठचा एक लहानसा षट्कोन होता. प्रजातींच्या संख्येने तो सामान्यच होता, पण १०० वेळा प्रणाली चालवली तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी तो निवडला गेला, कारण एका बेडकाचे उद्दिष्ट त्याच्याशिवाय पुरे होतच नव्हते. नकाशावर तो गडद रंगात उमटलेला पाहिल्यावर बैठकीतला सूरच बदलला.

म्हणूनच मी नवख्यांना सांगतो, की ‘सर्वोत्तम उत्तर’ या नावाने येणाऱ्या एकाच नकाशावर भिस्त ठेवू नका. कोणता तुकडा किती वेळा निवडला गेला, हे दाखवणारा नकाशा अधिक उपयोगी ठरतो. तो पाहिला की कोणत्या जागेला पर्याय आहे आणि कोणत्या जागेबाबत तडजोड शक्य नाही, हे जमीनमालकालाही समजते.

निवडलेल्या क्षेत्राची सीमा आखूड आणि तुकडे सलग राहावेत याला किती महत्त्व द्यायचे, तो गुणक ठरवताना मात्र घाई करू नये. तो शून्य ठेवला तर निवडलेले तुकडे वाटाण्यासारखे विखुरतात, आणि चहूबाजूंनी वस्तीने वेढलेला असा तुकडा कुत्री, मांजरे, दिवे व तण यांच्या माऱ्यापुढे टिकत नाही. फार वाढवला तर नको असलेली जमीनही आत ओढली जाते. निरनिराळे आकडे घालून पाहण्यातच आमचे तीन आठवडे गेले आणि ते सत्कारणी लागले, असे मी मानतो.

आकडेवारी कच्ची असेल तर निकालही कच्चाच येतो. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी रस्त्यांच्या कडेने जास्त असतात. त्या जशाच्या तशा भरल्या की राखीव क्षेत्र रस्त्यालगत सरकते आणि आतले, कोणी न पाहिलेले रान कोरे राहते. आम्ही अधिवासाचे नकाशे वापरून ही चूक सुधारली. किमतीचेही तसेच आहे: सर्व तुकड्यांना सारखी किंमत दिली, तर उद्या ज्यावर इमारत उभी राहणार आहे आणि ज्याकडे कोणी फिरकणार नाही, असे दोन्ही तुकडे सॉफ्टवेअरला सारखेच वाटतात.

मूळ प्रणाली मजकुराच्या साध्या फाइलींवर चालते, त्यामुळे जीआयएसची, म्हणजे संगणकावरील नकाशे व भौगोलिक माहिती हाताळणाऱ्या प्रणालीची सवय नसलेल्याला ती सुरुवातीला जड जाते. याहून मोठ्या मर्यादा दोन आहेत. तुकडे एकमेकांना लागून आले म्हणजे प्राण्यांच्या येण्याजाण्याची वाट तयार झाली असे होत नाही. तो अभ्यास वेगळा करावा लागतो. दुसरे म्हणजे, मूळ मार्क्सॅन सर्व जमीन एकाच दिवशी राखली जाईल असे गृहीत धरते, प्रत्यक्षात मात्र संपादनाला वर्षे लागतात आणि त्या काळात शहर थांबत नाही.

यावर आम्ही काढलेला मार्ग सोपा आहे. दरवर्षी नव्याने बांधकाम झालेले तुकडे वर्ज्य ठरवायचे, राखले गेलेले तुकडे पक्के करायचे आणि प्रणाली पुन्हा चालवायची. गेल्या खेपेला त्या पाणथळीचा षट्कोन वर्ज्य करून पाहिला, तेव्हा बेडकाचे उद्दिष्ट अपुरे राहिल्याची नोंद १०० पैकी प्रत्येक उत्तरात आली. तो कागद आम्ही आराखड्याच्या पहिल्या पानाला जोडला आहे आणि त्या जागेच्या संपादनाचा प्रस्ताव सध्या सुनावणीत आहे.